झोपेसाठी सीबीडीचे थेंब घेताय? आधी घरातला गोळ्यांचा डबा पालथा घाला

खान्देशात झोप उडायला कारणं कमी नाहीत. रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायचं तर शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीची. भुसावळला रेल्वे, दीपनगरला वीजकेंद्र, म्हणजे पाळ्यांचं आयुष्य. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या. वय साठीपुढे गेलं की बीपी, शुगर, गुडघे यांची भर. ‘माले रातले झोपच येत नही’ हे मेडिकलच्या काउंटरवरचं रोजचं वाक्य. हल्ली त्याच्या पाठोपाठ मोबाइल पुढे येतो: हे विजया तेल, हे सीबीडीचे थेंब, मुलाने पुण्याहून पाठवलेत, घेऊ का?

नुसती बाटली बघून याचं उत्तर देता येत नाही. साठीतल्या माणसाच्या घरात चार-पाच गोळ्या, एखादं चूर्ण, एखादं सिरप आधीपासूनच असतं, आणि भांगेच्या झाडातली (विजया हे भांगेचंच नाव) सीबीडी, टीएचसी ही द्रव्यं त्यातल्या बऱ्याच औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. म्हणून इथे थेंब किती घ्यावेत यापेक्षा ते कशाबरोबर घेऊ नयेत, यावरच जास्त लिहिलं आहे. निर्णय डॉक्टरांचा. त्यांच्यासमोर बसताना तुमच्या हातात काय असावं, त्याची ही तयारी.

आधी बाटली ओळखा

‘हेम्प’, म्हणजे भांगेचंच झाड, या नावाखाली बाजारात तीन अगदी वेगळ्या वस्तू फिरतात.

पहिली हेम्प सीड ऑइल, म्हणजे बियांचं तेल. हे खाद्यपदार्थात मोडतं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचं पीठ आणि तेल यांना परवानगी दिली. बियांमध्ये सीबीडी आणि टीएचसी जवळपास नसतंच. झोपेसाठी कोणी हेच तेल महागात विकत असेल तर तुम्ही जवसाच्या तेलाच्या चुलतभावाला औषधाची किंमत देताय. नुकसान खिशाचं, एवढंच.

दुसरी विजया अर्क, म्हणजे भांगेच्या पानांपासून काढलेलं आयुर्वेदिक औषध. यात सीबीडी असतं, टीएचसीही असतं. सीबीडीने नशा होत नाही, टीएचसीने होते. भांग हे द्रव्य औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-१ या यादीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या आयुर्वेदिक द्रव्यांत. तशी सूचना लेबलवर छापलेली असायला हवी. आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा, बॅच नंबर हवा, आणि वैद्यांची चिठ्ठी मागितली गेली पाहिजे. चिठ्ठी न विचारता कोणी कुरिअरने पाठवत असेल, तर बाकीचे नियम तो पाळत असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तिसरी वस्तू परदेशातून आणलेल्या गमीज (चघळायच्या गोळ्या), कॅप्सूल, व्हेप. यांच्यापासून लांबच राहा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ, दोन्ही येतात. पानं आणि बिया फुलोऱ्यापासून वेगळ्या असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत; विजयाची औषधं त्याच वाटेने तयार होतात. परदेशी गमी कशापासून बनली हे विमानतळावर तुम्ही सिद्ध करू शकणार नाही. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. तिकडून कोणी ‘घरगुती तेल’ आणून देत असेल, तर त्याच्यात किती टीएचसी आहे हे ते काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता हिशेब. लेबलवर ‘३० मिली, १५०० मिलिग्रॅम’ असं असेल तर एका मिलीत ५० मिलिग्रॅम. ढोबळमानाने एका मिलीचे २० थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. ‘एक थेंब’ आणि ‘एक ड्रॉपर’ यात वीसपटीचा फरक आहे, आणि फोनवर ऐकून घेणारी मंडळी नेमकी इथेच घसरतात. दुसरं, हे १५०० मिलिग्रॅम कशाचे? ‘विजया अर्क १५०० मिलिग्रॅम’ याचा अर्थ तेवढं सीबीडी असा होत नाही. त्या अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे त्याच बॅचच्या लॅब रिपोर्टवर बघा. रिपोर्ट मागितल्यावर कंपनी टाळाटाळ करत असेल, तर बाटली परत पाठवा.

लेबलवर तरी विसंबावं का? अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. छापल्याप्रमाणे मात्रा जेमतेम ३१ टक्क्यांत निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

आता डबा पालथा घाला

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरा आणि घरात त्या व्यक्तीच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट त्यावर मांडा. बीपीची गोळी सगळे सांगतात. राहून जातं ते असं: खोकल्याचं सिरप, सर्दीची गोळी, गुडघ्यासाठी कधीमधी घेतलेली गोळी, झोपेची अर्धी गोळी (‘रोज नाही घेत, लागली तरच’), शतावरी-अश्वगंधा, रात्रीच्या दुधातलं जायफळ, मेलाटोनिन, हळदीच्या कॅप्सूल. मिश्री, तंबाखू, विडी लिहा. दारू लिहा, मोहाची असली तरी लिहा. चहा किती कप आणि शेवटचा किती वाजता, तेही.

पोटाच्या चूर्णांची नावं जरा निरखून वाचा. जातिफलादि चूर्ण जुलाब-ग्रहणीसाठी वर्षानुवर्षं दिलं जातं. त्याच्या मूळ पाठात भांग आहे, आणि थोडीथोडकी नव्हे, बाकीच्या सगळ्या द्रव्यांच्या बेरजेइतकी. कंपनीनुसार पाठ बदलतो, म्हणून डबीवरचे घटक वाचायचे. हे चूर्ण आधीच चालू असेल तर थेंब घेण्यापूर्वीच तुम्ही कॅनाबिनॉइड, म्हणजे भांगेतली हीच द्रव्यं, घेत आहात.

प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी लिहा: कशासाठी, किती, केव्हा. हा कागद पुढे सगळीकडे लागणार आहे.

पहिली चाळणी: गुंगी कशाकशाने वाढते?

सगळ्यात जास्त घडणारा आणि सगळ्यात सहज टाळता येणारा प्रकार हाच. दोन गुंगी आणणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या की परिणाम वाढतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन या सर्दीच्या, अॅमिट्रिप्टिलिन, नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन, तीव्र वेदनांवरचं ट्रामाडोल, आणि दारू. कागदावर यातलं एक जरी असेल, तर तिथे लाल खूण करा.

ट्रामाडोलबद्दल थोडं जास्त. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. दुखण्याचा झटका आला की तीव्र वेदनाशामकं द्यावी लागतात आणि दुखण्यामुळे झोपही जाते. अशा घरात कोणीतरी ‘नैसर्गिक’ म्हणून तेल सुचवतं. ओपिऑइड (अफूच्या) जातीचं औषध, त्यावर टीएचसी, त्यावर संध्याकाळची दारू, ही माळ श्वास मंदावेपर्यंत जाऊ शकते. या रुग्णांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही घेऊ नये.

मेलाटोनिन, तगर, जटामांसी, अश्वगंधा यांची गुंगी सौम्य. पण ‘सगळंच आयुर्वेदिक’ म्हणून चार सौम्य वस्तू एकत्र घेणारे लोक असतात. सकाळी उठल्यावर डोकं जड, पाय अडखळतात, आणि दोष वयाला दिला जातो. जायफळाची चिमूट कोणाचं बिघडवत नाही. चमचाभर जायफळ मात्र स्वतःच विषारी ठरू शकतं.

म्हाताऱ्या माणसात गुंगीसोबत पडण्याचा धोका येतो. टीएचसीने उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन हेही तेच करतात. रात्री दोनदा लघवीला उठणारा माणूस, अंधार, आणि या तिन्हींची बेरीज: मांडीचं हाड मोडायला आणखी काही लागत नाही.

थेंबातली द्रव्यं एकमेकांशी काय करतात

सीबीडी टीएचसीची नशा ‘संतुलित’ करतं, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. म्हणून लोक एक सीबीडीची बाटली आणि एक जास्त टीएचसीची बाटली अशी जोडी घेतात. तोंडावाटे घेताना हा भरवसा फसवा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना २० मिलिग्रॅम टीएचसी एकटं दिलं आणि नंतर त्याच टीएचसीसोबत ६४० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. जोडीने दिल्यावर रक्तातलं टीएचसी वाढलं आणि नशा, चिंता, स्मृतीतला गोंधळही वाढला. कारण लिव्हरमध्ये आहे. टीएचसी तोंडावाटे गेलं की लिव्हर त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं. हे रूप स्वतःही चांगलंच नशेचं असतं. ते पुढे मोडणाऱ्या एन्झाइमांना सीबीडी अडवतं, आणि माल साचत जातो. प्रयोगातली सीबीडीची मात्रा मोठी होती, थेंबांच्या कितीतरी पट. तरीही ‘सीबीडी आहे ना, मग टीएचसी थोडं जास्त चालेल’ या तर्काला आधार नाही, हे त्यातून पुरेसं कळतं.

सीबीएन हे तिसरं नाव. टीएचसी जुनं झालं, हवा-उजेडात राहिलं की त्याचं सीबीएन होतं. ‘झोपेचा कॅनाबिनॉइड’ म्हणून त्याची जाहिरात जोरात चालते, पुरावा मात्र तोकडा आहे. सीबीडी, सीबीएन, मेलाटोनिन असं त्रिकूट एकाच गमीत घालून विकतात. त्यातल्या कशाने झोप लागली आणि कशाने सकाळी डोकं गरगरलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मला विचाराल तर मिश्रणं न घेण्याचं एवढं एकच कारण पुरे आहे.

झोपेवरचा टीएचसीचा परिणामही सरळ नाही. सुरुवातीला झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप कमी होते. रोज घेतल्यावर शरीर सरावतं, मात्रा वाढते, आणि बंद केलं की काही रात्री झोप आधीपेक्षा वाईट, विचित्र स्वप्नांची. मग माणूस म्हणतो, ‘बघा, याच्याशिवाय झोपच नाही.’ सीबीडीचं झोपेवरचं काम त्याहून धूसर आहे. ज्यांची झोप चिंतेने गेली आहे त्यांना थोडा फायदा होत असावा. निव्वळ निद्रानाशावर खात्रीचा गुण दिसलेला नाही.

दुसरी चाळणी: कोणत्या गोळीची पातळी हलते?

हा भाग किचकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. बरीच औषधं लिव्हरमधल्या काही ठरावीक एन्झाइमांनी मोडतात. सीबीडी त्यातल्या काहींना, विशेषतः २सी१९ नावाच्या एन्झाइमला, अडवतं. मग नेहमीची गोळी नेहमीच्याच डोसमध्ये घेऊनही रक्तात तिची पातळी चढते.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा एपिलेप्सीच्या औषधांतून आला आहे. शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं, लहान मुलांतल्या काही अवघड फिट्ससाठी. त्यासोबत क्लोबाझाम घेणाऱ्यांत क्लोबाझामच्या सक्रिय रूपाची पातळी सुमारे तिप्पट झालेली आढळली. क्लोबाझाम आपल्याकडे फिट्ससाठी सर्रास दिलं जातं. फेनिटॉइनच्या बाबतीत तर पुरेसा डोस आणि जास्त डोस यात अंतरच कमी असतं. घरात फिट्सचा रुग्ण असेल तर झोपेचे थेंब हा विषयच न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी पुढची ओळ दोनदा वाचावी. झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांना वॉरफेरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल दिलं जातं. सीबीडी सुरू केल्यावर वॉरफेरिन घेणाऱ्या एका रुग्णाची आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी चाचणी) चढली आणि वॉरफेरिनचा डोस सुमारे ३० टक्क्यांनी कमी करावा लागला, अशी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. आयएनआर चढणं म्हणजे हिरड्यातून, लघवीतून, आणि वाईट वेळ आली तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका. थेंबांसाठी हा धोका पत्करू नका.

क्लोपिडोग्रेलचं गणित उलटं. स्टेंट बसवलेल्या जवळपास प्रत्येकाच्या चिठ्ठीत हे असतं, आणि २सी१९ ने ते सक्रिय केल्याशिवाय ते काम करत नाही. तोच एन्झाइम अडवला तर गोळी घेऊनही संरक्षण कमी पडण्याची शक्यता राहते. शक्यता म्हणतोय, सिद्ध झालं असं म्हणत नाही. पण स्टेंटच्या बाबतीत मी शक्यतेलाही मान देईन.

इतर नावं भरभर सांगतो. डिप्रेशनसाठीचं एस्सिटॅलोप्राम: सीबीडीसोबत पातळी वाढलेली दिसली आहे. किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस: एका रुग्णात पातळी सुमारे तिप्पट झाल्याची नोंद आहे, म्हणजे नव्या किडनीशीच खेळ. शुगरचं ग्लिमेपिराइड २सी९ या एन्झाइमने मोडतं, म्हणून पहाटे शुगर उतरण्याकडे लक्ष हवं. आणि गंमत अशी की शुगर उतरल्याचा घाम आणि अस्वस्थता ‘झोप येत नाही’ म्हणूनच सांगितली जाते. मेटफॉर्मिनला हा प्रश्न नाही. दम्याच्या जुन्या गोळ्यांमधलं थिओफायलिन: सीबीडीने पातळी वर जाऊ शकते, विडी-गांजाच्या धुराने खाली. दोन्ही करणाऱ्याची पातळी कुठे असेल, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

चहासुद्धा या यादीत बसतो. मोठ्या मात्रेत, दिवसातून दोनदा ७५० मिलिग्रॅम सीबीडी दिल्यावर शरीरावरचा कॅफिनचा एकूण भार जवळपास दुप्पट झाला. थेंबांच्या मात्रेत एवढं होणार नाही. पण झोपेसाठी थेंब घ्यायचे आणि सात वाजताचा कडक चहा सोडायचा नाही, याला काय म्हणावं!

उलट दिशेनेही परिणाम होतो. टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सचं कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं सीबीडी लवकर मोडायला लावतात. माणूस थेंब वाढवत जातो, मग टीबीचा कोर्स संपतो, रिफाम्पिसिन थांबतं, आणि तेच वाढवलेले थेंब अचानक अंगावर येतात. हळदीच्या कॅप्सूलमधलं पिपरीन (मिऱ्यातलं द्रव्य) मात्र सीबीडीची पातळी वाढवू शकतं. भाजीतल्या मिऱ्याने घाबरू नका. कॅप्सूलचा प्रश्न आहे.

वरची बरीच आकडेवारी मोठ्या मात्रेची आहे, हे लक्षात ठेवा. एपिडायोलेक्स किलोमागे १० मिलिग्रॅम दिलं तर ६० किलोच्या माणसाला रोज ६०० मिलिग्रॅम होतात. २० मिलिग्रॅमच्या थेंबांनी तेवढा परिणाम सहसा होत नाही. पण लेबल खोटं असतं, ड्रॉपर चुकतो, मात्रा वाढत जाते. आणि जेवण. तुपकट जेवणासोबत सीबीडी घेतलं तर शरीरात ते सुमारे चौपट शोषलं जातं. रविवारी वरण-बट्टीवर वाटीभर तूप ओतून वर थेंब घेतले, तर तुम्ही सोमवारच्या मूग-खिचडीवरच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त घेतलंय, तेही थेंब न वाढवता.

तिसरी चाळणी: लिव्हर

सीबीडीने लिव्हरचे एन्झाइम रक्तात वाढू शकतात. अमेरिकेत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी लोकांना किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम असं चार आठवडे सीबीडी दिलं, त्यातल्या ५.६ टक्के लोकांत ते सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले. बहुतेकांना काही जाणवलंही नाही, रक्त तपासलं म्हणून कळलं.

आता कागदावर बघा: फिट्सचं व्हॅल्प्रोएट (सीबीडीसोबत हा त्रास ठळकपणे वाढतो), संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, टीबीची औषधं, रोजची दारू, फॅटी लिव्हर, जुनी कावीळ. अश्वगंधेनेही काही जणांत लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. यातलं काहीही असेल तर लिव्हर फंक्शन टेस्ट केल्याशिवाय सुरुवात नाही. व्हॅल्प्रोएट, मेथोट्रेक्सेट किंवा टीबीचा कोर्स चालू असेल तर माझं मत सरळ आहे: थेंब नकोतच.

कोणी घेऊच नये

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. लहान मुलं आणि किशोरवयीन. ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिस, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे ते. लिव्हर सिरॉसिसचे रुग्ण. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले किंवा ठोके अनियमित असणारे. आणि रात्रीचे ट्रकचालक: मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याला उतरून ‘दोन तास झोप मिळावी’ म्हणून थेंब घेतले, तर ते दोन तासांत उतरत नाहीत.

जोरात घोरणारे, मधेच श्वास अडकून दचकणारे, दिवसा पेंगणारे लोक वेगळे. यांना स्लीप अॅप्निया असू शकतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की यासाठी भांगेची औषधं वापरू नयेत. त्यांना झोपेची तपासणी आणि मशीन लागतं.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

कागद आणि बाटली दोन्ही सोबत न्या. बरेच लोक वैद्यांना अॅलोपॅथीच्या गोळ्या सांगत नाहीत आणि डॉक्टरांपासून विजया लपवतात, ‘रागावतील’ म्हणून. रागावू द्या. दोघांनाही पूर्ण कागद दाखवा. विचारायचं ते नेमकं विचारा: माझ्या कोणत्या गोळीची पातळी यामुळे हलू शकते? ती मोजायची चाचणी आहे का (आयएनआर, लिव्हर टेस्ट, शुगर, फेनिटॉइनची पातळी), आणि सुरू केल्यावर किती दिवसांनी करू? झोप माझ्या चालू औषधामुळे तर जात नाही ना?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. लघवी जास्त करवणारी गोळी संध्याकाळी घेतली की रात्रभर उठावं लागतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रात्री घेतलं तर डोळा लागत नाही. गोळीची वेळ सकाळवर नेल्याने प्रश्न मिटतो, आणि बाटली न फोडता परत जाते. दीर्घकाळच्या निद्रानाशावर झोपेच्या सवयी बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती, सीबीटी-आय, हा पहिला मान्य उपाय आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मानसोपचार विभागात चौकशी करा. मन अस्वस्थ असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

डॉक्टर हो म्हणाले, तर

एका वेळी एकच नवीन गोष्ट. थेंब सुरू करताय तर त्याच आठवड्यात मेलाटोनिन नको, अश्वगंधा नको.

सगळ्यात कमी मात्रेने सुरुवात करा आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाढवू नका. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून तासाभरात दुसऱ्यांदा घेणं ही नेहमीची फसगत, मग दोन्ही डोस एकदम चढतात. परिणाम सहा-आठ तास, कधी जास्त टिकतो, म्हणून रात्री एक वाजता घेऊन पहाटे दूध काढायला किंवा मोटारसायकलवर निघू नका.

जेवणाशी नातं रोज एकच ठेवा. हलक्या जेवणानंतर तासाभराने, असं ठरवलं तर रोज तसंच.

पहिल्या काही रात्री घरी, खाली, कोणीतरी सोबत असताना घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे धाब्यावर, गच्चीवर झोपायची पद्धत आहे आणि कठडा प्रत्येक घराला नसतो. थेंब सुरू केलेत तर त्या हंगामात खालीच झोपा, पंखा लावा, कुरकुर करा, पण खालीच. उठताना आधी काठावर बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. मोरीपर्यंतचा दिवा चालू असू द्या.

वहीत रोज चार नोंदी पुरतात: किती थेंब, किती वाजता, झोप कशी, सकाळी डोकं कसं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत फरक दिसला नाही, तर मात्रा वाढवण्याचा हट्ट न धरता सोडून द्या.

आधीची क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम ‘आता नैसर्गिक मिळालं’ म्हणून एकदम बंद करू नका. महिनोनमहिने घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर झोप उडतेच, फिट्ससुद्धा येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायची असते.

थांबायचं कधी, धावायचं कधी

डोळे किंवा लघवी पिवळी, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना गेलेली: थेंब बंद, लिव्हर टेस्ट. हिरड्यातून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी: रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत धडधड, भास, प्रचंड भीती, हाक मारूनही न उठणारी झोप, मंद श्वास: १०८. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना बाटली दाखवा आणि खरं सांगा; त्यांना गुन्हा शोधायचा नसतो, औषध शोधायचं असतं.

अॅलोपॅथीच्या औषधासोबत दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करता येते. रुग्ण स्वतःही करू शकतो.

बंद केल्यावर लगेच सगळं पूर्ववत होत नाही. मोठ्या मात्रेत नियमित घेतलेल्या सीबीडीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, ५६ ते ६१ तास मोजलं गेलं आहे. म्हणजे शरीरातून बहुतेक भाग निघायला दहा-बारा दिवस जातात. त्या काळात वाढलेली पातळी खाली येऊ लागते. डॉक्टरांनी वॉरफेरिनचा डोस थेंबांमुळे कमी केला असेल, तर थेंब थांबवल्यावर आयएनआर पुन्हा तपासायलाच हवी, नाहीतर आता डोस कमी पडेल.

ऑपरेशन ठरलं असेल, अगदी मोतीबिंदूचं किंवा दाढेचं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. भांगेची द्रव्यं नियमित घेणाऱ्यांना भुलीची औषधं वेगळ्या प्रमाणात लागू शकतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर ऑपरेशनपूर्वी प्रत्येकाला हे विचारावं असं म्हटलं आहे. आपल्याकडे विचारलं जाईलच असं नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

बाटली कुलपात ठेवा, उजेडापासून लांब, मूळ लेबलसकट. दुसऱ्या बाटलीत ओतून ‘आजीचं तेल’ म्हणून देवघराच्या कोनाड्यात ठेवायची नाही. नातवाच्या पोटात गेलं तर बाटलीत काय आणि किती होतं हे कळायचा एकमेव मार्ग ते लेबल असतं. मुलाने घेतल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, बाटली उचला आणि १०८ ला फोन करा.